अमेरिकन पोलीसपटांतील वास्तवप्रतीती : एक भाषिक विचार

अमेरिकन चित्रपटांच्या चर्चेत ‘वास्तववादी पोलीसपट’ ही संज्ञा पुष्कळदा सैलपणे योजली जाते. कथा प्रत्यक्ष घडलेली असणे, तिचे चित्रण खऱ्या रस्त्यांवर झालेले असणे आणि पात्रांची भाषा खऱ्या पोलिसांची वाटणे या तीन भिन्न गोष्टी होत. त्यांची गल्लत झाली की, पडद्यावर जे खरे वाटते ते खरेच घडले होते, अशी समजूत होते. प्रस्तुत लेखात या प्रतीतीचा भाषेच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

‘मार्च ऑफ टाइम’ या वृत्तपटमालेचे निर्माते लुई द रोशमाँ यांनी १९४५ मध्ये ‘द हाउस ऑन नाइन्टी-सेकंड स्ट्रीट’ हा चित्रपट एफ.बी.आय.च्या सहकार्याने काढला आणि अनुबोधपटाचे निवेदन कथापटात आणले. ज्यूल्स डॅसिन-दिग्दर्शित ‘द नेकेड सिटी’मध्ये (१९४८) निर्माते मार्क हेलिंजर हेच निवेदक आहेत. चित्रण स्टुडिओत न करता न्यूयॉर्क शहरातच केले आहे, असे ते आरंभी सांगतात. तथापि हाच निवेदक पुढे पात्रांशी द्वितीय पुरुषी बोलू लागतो. वार्ताहराचा आवाज येथे सर्वज्ञ कादंबरीकाराचा होतो.

‘ही वॉक्ड बाय नाइट’ (१९४८) या चित्रपटात जॅक वेब यांची दुय्यम भूमिका होती. तेथील पोलीस सल्लागाराशी झालेल्या परिचयातून त्यांना ‘ड्रॅगनेट’ची कल्पना सुचली. ती मालिका १९४९ मध्ये नभोवाणीवर, १९५१ मध्ये दूरचित्रवाणीवर आणि १९५४ मध्ये चित्रपटरूपाने आली. तिची भाषा अहवालाची आहे : दिनांक, वेळ, हुद्दा, तोकडी वाक्ये आणि सपाट स्वर. विशेषणे विरळ असल्यामुळे मतही नाही, असे श्रोत्याला वाटते. वस्तुतः प्रकरणे लॉस एंजेलिस पोलीस खात्याच्या दप्तरातून आणि खात्याच्या सहकार्याने घेतलेली होती. मत विशेषणांत नव्हते, ते निवडीत होते.

विल्यम फ्रीडकिन यांच्या ‘द फ्रेंच कनेक्शन’मध्ये (१९७१) निवेदक नाहीसा झाला. संवाद तुटक आहेत, काही गोंगाटात बुडतात. संशयितास गोंधळविण्यासाठी नायक निरर्थक प्रश्न विचारतो. येथे भाषा माहिती देत नाही, ती धाक घालते. चित्रपटाचा आधार १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतील खरे प्रकरण असले, तरी त्यातील प्रसिद्ध पाठलाग त्या प्रकरणात घडलेला नव्हता. तो रचलेला आहे, मात्र ब्रुकलिनच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित केलेला आहे. अखेरीस पडद्यावर उमटणारी, आरोपींचे पुढे काय झाले हे सांगणारी वाक्ये या कल्पित भागालाही दप्तराची विश्वासार्हता देऊन जातात.

सिडनी ल्यूमेट यांच्या ‘सर्पिको’ने (१९७३) हेच तंत्र खात्यावर उलटविले. न्यूयॉर्कच्या पोलीस दलातील लाचखोरी उघड करणाऱ्या आणि १९७१ मध्ये नॅप आयोगापुढे साक्ष देणाऱ्या फ्रँक सर्पिको यांची ही कथा. त्यात पोलिसांची बोली निष्ठेची खूण न राहता मौनाचा करार ठरते.

म्हणून अशा चित्रपटाचा अभ्यास करताना तो खरा वाटतो काय, एवढे विचारून भागणार नाही. कोणाच्या दप्तरातून तो बोलतो आणि कोणाचे म्हणणे त्यात नोंदलेच गेले नाही, हेही पाहिले पाहिजे. निवेदकाचा आवाज ऐकू येत होता तोवर त्याच्याशी वाद घालणे तरी शक्य होते. तो लोपल्यावर ही जबाबदारी सर्वस्वी प्रेक्षकावर येते.