हिरड्यांतलं रक्त आणि रक्तातली साखर

मधुमेह झाला की डोळ्यांचा पडदा तपासायचा, पायांना जपायचं, वर्षातून एकदा मूत्रपिंडाची चाचणी करायची, हे आता घरोघरी ठाऊक आहे. हिरड्यांचं नाव मात्र या यादीत सहसा नसतं. वास्तविक दंतवैद्यकातले संशोधक हाराल्ड लो यांनी १९९३ सालीच हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची ‘सहावी गुंतागुंत’ म्हटलं होतं. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. तेव्हा हिरड्यांबद्दलचे गैरसमज दूर झालेले बरे.

गैरसमज : ब्रश करताना थोडं रक्त यायचंच. रक्त आलं की चार दिवस ब्रश बंद ठेवावा.
वस्तुस्थिती : निरोगी हिरडीतून रोजच्या ब्रशने रक्त येत नाही. दात आणि हिरडी मिळतात त्या कडेला जंतूंचा चिकट थर साचला की हिरडी सुजते, लाल होते आणि हात लागताच रक्त येतं. ब्रश बंद केला तर तो थर वाढतो आणि पुढे कडक होऊन त्याचं कीटण बनतं. मऊ ब्रशने ती कड रोज हलक्या हाताने साफ करणं हाच उपाय. या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो.

गैरसमज : दुखत नाही, म्हणजे हिरड्या ठीक आहेत.
वस्तुस्थिती : हा आजार बहुतेकदा न दुखताच वाढतो. दंतवैद्य खुणा असलेली बोथट सळई दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत अलगद घालून खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर खोली ठीक. हिरडी दातापासून सुटत गेली की ही खोली वाढते आणि आतलं हाड झिजू लागतं. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. दात हलायला लागेपर्यंत थांबलात, तर बराच उशीर झालेला असतो.

गैरसमज : साखर आहे, म्हणजे दात पडायचेच.
वस्तुस्थिती : मधुमेहींना हिरड्यांच्या गंभीर आजाराचा धोका साधारण तिप्पट असतो, पण तो प्रामुख्याने साखर आटोक्यात नसलेल्यांना. वाढलेल्या साखरेमुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जखम सावकाश भरते आणि तोंडाला कोरड पडते. साखर नीट सांभाळणाऱ्यांचे दात म्हातारपणीही टिकू शकतात.

गैरसमज : हिरड्या सुजल्या तर त्याने साखर कशी वाढेल?
वस्तुस्थिती : वाढते, कारण हे नातं दुहेरी आहे. आजार बऱ्यापैकी पसरलेला असेल, तर सगळ्या दातांभोवतीची सुजलेली जागा मिळून ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते, असा एक अंदाज आहे. एवढी जखम पायावर असती, तर माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता. या सुजेतून निघणारी रसायनं रक्तात मिसळतात आणि इन्सुलिनचं काम अडवतात. अमेरिकेतल्या ॲरिझोनात पिमा समाजातल्या मधुमेहींचा अनेक वर्षं अभ्यास झाला. ज्यांच्या हिरड्या फार खराब होत्या, त्यांची साखर पुढे बिघडण्याचं प्रमाण जास्त आढळलं.

उलट बाजूही तपासली गेली आहे. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, सुमारे ०.४३ अंकांनी कमी झाली. म्हणजे ८.४ असेल तर जवळपास ८. यामुळे गोळ्या किंवा इन्सुलिन सुटत नाही, पण त्यांना चांगली जोड मिळते.

गैरसमज : दात साफ करून घेतले की ते सैल होतात, फटी पडतात.
वस्तुस्थिती : फटी आधीच पडलेल्या असतात, त्या कीटणाने बुजलेल्या असतात इतकंच. कीटण निघालं आणि सूज उतरली की त्या दिसू लागतात. थोडे दिवस थंड पाण्याने दात शिवशिवतात, मग ते बहुधा थांबतं.

गैरसमज : मशेरीने हिरड्या घट्ट होतात.
वस्तुस्थिती : मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखू. त्याने घटकाभर बरं वाटतं ते निकोटीनमुळे. तंबाखूने हिरड्यांचं नुकसानच होतं, शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

गैरसमज : मधुमेह्याने दात काढू नये, आणि दातांच्या दवाखान्यात उपाशीपोटीच जावं.
वस्तुस्थिती : साखर आटोक्यात असेल तर दात सुरक्षितपणे काढता येतो. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात, तर खुर्चीतच साखर एकदम उतरू शकते. वेगळी सूचना नसेल तर सकाळची वेळ घ्या आणि नाश्ता व नेहमीची औषधं घेऊन जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका.

दिवसातून दोनदा ब्रश करा, दातांच्या फटी रोज साफ करा आणि दंतवैद्य सांगतील त्या अंतराने हिरड्या तपासून घ्या. जाताना एचबीए१सीचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. रक्त येणं, तोंडाला वास, हलणारा दात यांतलं काही असेल, तर ते मधुमेहाच्या डॉक्टरांनाही सांगा. पथ्य आणि औषधं चोख असूनही साखर हटत नसेल, तर त्यामागे हिरड्याही असू शकतात.