खासगी जंगल : मुद्दल मोडू नका, फळ खा

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या धंद्याला हिरडा नवा नाही. कच्छमधील धमडका आणि अजरखपूर येथील खत्री कारागीर अजरख छापण्याआधी कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. हिरड्यातील तुरट अर्क आणि लोखंडाचे पाणी एकत्र आले की पक्का काळा रंग उठतो. कातडी कमावण्यासाठीही हिरडा वापरतात. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो, हे तर सर्वांस ठाऊक आहे. पण ही झाडे आपल्याच मालकीच्या रानात उभी असतील, याचा विचार आपण क्वचितच करतो.

रत्नागिरी जिल्ह्यात बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे. सातबाऱ्यावर दहा-पंधरा वारस असतात. कोणी मुंबईत, कोणी आखातात. ठेकेदार उक्ती रक्कम सांगतो, सह्या होतात आणि रान साफ होते. पैसा वाटणीत विरून जातो. बुंध्यांना धुमारे फुटतात, पण झाड जुने होऊन भरपूर फळू लागण्याआधीच पुन्हा कुऱ्हाड पडते. दुकानातील मुद्दल दर दहा वर्षांनी विकून खाणाऱ्यास आपण व्यापारी म्हणू काय?

दुसरा मार्ग संगमेश्वर तालुक्यात दिसतो. अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही पुण्याची संस्था तेथील खासगी रानमालकांशी करार करते. झाडे न तोडण्याच्या बदल्यात मालकास मोबदला मिळतो. तेथील बेहड्याच्या फळांना २०१५ साली ‘फेअरवाइल्ड’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि माल परदेशी खरेदीदारापर्यंत गेला. या प्रमाणपत्राची मुख्य अट अशी की, झाडाला इजा होता कामा नये आणि काही फळे रानातच राहिली पाहिजेत.

ही अट कशासाठी? जुन्या, उंच बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. मादी आत बसून तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून तिला फळे भरवतो. तेच पक्षी दूरवर बिया टाकतात आणि नवी झाडे उगवतात. म्हणजे धनेश हा आपल्या रानाचा बिनपगारी माळी आहे. जुने झाड गेले की माळीही गेला.

मालकांनी एवढे करावे. प्रथम सर्व वारसांनी एकत्र बसून रानातील जुनी फळझाडे मोजावीत. बेहडा खाली पडलेला वेचावा, फांद्या तोडू नयेत. माल उन्हात चांगला वाळवावा; बुरशी लागली की भाव गेला. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

फळाचा पैसा थोडा असतो, पण दरसाल येतो. ठेकेदार पुन्हा दारी आला, तर सही करण्यापूर्वी हा हिशेब एकदा मांडून पाहा.