हत्यार पाहून हात घाला!
मातीत दडलेल्या वस्तू, त्या शोधणारे हौशी लोक आणि आपण

कुदळ, फावडे, टिकाव, पहार, घमेले... या हत्यारांची ओळख आपल्या घरांना करून द्यावी लागत नाही. रस्ते, धरणे, विहिरी, इमारतींचे पाये यांसाठी आपल्या वाडवडिलांनी किती माती उपसली, याचा हिशेब कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. पण सुटीच्या दिवशी केवळ हौसेखातर खोदायला जाणारी माणसेही या जगात आहेत, हे सांगितले तर आपल्या आयाबायांना हसू येईल. इंग्लंडमध्ये अशी हजारो माणसे आहेत. मेटल डिटेक्टर हाती घेऊन ती शेतातून चालतात. यंत्र वाजले की थांबतात, उकरतात आणि जुने नाणे, बक्कल, अंगठी असे काही मिळते का ते पाहतात.

यंत्र 'इथे काहीतरी धातू आहे' एवढेच सांगते. तो खिळा आहे की दीड हजार वर्षांपूर्वीचे नाणे, हे खोदल्यावरच कळते. ती वस्तू वर येताना शाबूत राहील की तिचे दोन तुकडे होतील, हे मात्र हत्यार आणि हात ठरवतात. म्हणून या छंदात यंत्राइतकेच महत्त्व खोदण्याच्या हत्याराला आहे. ही निवड कशी करतात हे आम्ही येथे मांडत आहोत. त्यात आपल्यालाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

ओढायचे फावडे आणि दाबायचे फावडे

आपले फावडे वाकलेले असते. ते मारायचे आणि स्वतःकडे ओढायचे. माती भरण्यासाठी ते उत्तम, पण नाजूक वस्तू काढण्यासाठी नाही. कारण पाते तिरपे येते आणि वस्तूला खरवडून जाते. तिकडच्या फावड्याचे पाते दांड्याच्या सरळ रेषेत असते. पायाने दाबून ते जमिनीत उभे उतरवतात. वस्तूपासून वीतभर अंतर ठेवून चोहोबाजूंनी उभा काप घेतला की मातीचा अख्खा गड्डा वर येतो आणि वस्तू त्या गड्ड्यात सुरक्षित राहते.

नांगरलेल्या शेतासाठी लांब दांड्याचे, अरुंद पात्याचे फावडे घेतात. अरुंद पाते जमिनीत सहज शिरते आणि लांब दांड्यामुळे कंबर मोडत नाही. पाते आणि दांडा यांचा जोड भक्कम आहे ना, हे आधी पाहतात. दगडाखाली पाते घालून उचकटताना पहिल्यांदा तुटतो तो हाच जोड. पाय ठेवायची वरची कड रुंद आणि दुमडलेली हवी, नाहीतर बुटाचा तळवा फाटतो. पाते स्टेनलेस स्टीलचे असेल तर गंज धरत नाही आणि चिकणमाती कमी चिकटते. किंमत मात्र जास्त पडते.

गवताच्या कुरणात वेगळी रीत. तेथे हातभर लांबीचे, एका कडेला करवतीसारखे दाते असलेले मजबूत खुरपे वापरतात. दात्यांनी गवताची मुळे कापली जातात. गवताचा थर तीन बाजूंनी कापून चौथी बाजू तशीच ठेवतात आणि पुस्तकाचे पान उलटावे तसा तो थर मागे टाकतात. निघालेली माती फडक्यावर ठेवतात. काम झाले की माती परत भरून, थर बसवून पायाने दाबतात. एक बाजू जोडलेली राहिल्याने गवत वाळत नाही. शेतमालक दुसऱ्यांदा परवानगी देईल की नाही, हे अशाच गोष्टींवर ठरते.

समुद्रकिनारी फावडे निरुपयोगी. वाळू बाजूने ढासळते. तेथे भोके पाडलेला मोठा डाव वापरतात. वाळू गळून जाते आणि वस्तू डावात राहते. कोरड्या वाळूला हलके हत्यार चालते. ओल्या वाळूला लांब दांड्याचे आणि जाड पत्र्याचे लागते.

टिकावाला मात्र हे लोक दूर ठेवतात. वरून घाव घातला की तो कुठे थांबेल हे खोदणाऱ्याच्या हाती राहत नाही. वस्तू जवळ आली की मोठे हत्यार बाजूला ठेवायचे, पेनाएवढ्या छोट्या शोधयंत्राने नेमकी जागा पाहायची आणि पुढचे काम बोटांनी करायचे.

हरवलेला हातोडा

सर्वांत मोठे हत्यार म्हणजे थांबण्याची बुद्धी. त्याचे उदाहरण इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉक्सन या गावचे आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधण्यासाठी एरिक लॉज हे निवृत्त माळी मेटल डिटेक्टर घेऊन शेतात गेले. हातोड्याऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी निघू लागली. लॉज यांनी सगळे उपसून काढले नाही. त्यांनी खोदणे थांबवून कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले आणि त्यांनी उरलेला ठेवा मातीच्या ढेपांसह उचलला.

सुमारे पंधरा हजार रोमन नाणी त्यात होती. पण त्याहून मोलाची गोष्ट कळली. तो ठेवा लाकडी पेटीत, आत लहान पेट्या करून, व्यवस्थित रचून ठेवलेला होता. लाकूड कुजून गेले होते, तरी मातीतली मांडणी शिल्लक होती. फावड्याचे दहा घाव अधिक पडले असते तर ती मांडणी कायमची गेली असती. ठेव्याची किंमत साडेसतरा लाख पौंड ठरली. ती लॉज यांना मिळाली आणि त्यांनी ती शेतकऱ्याबरोबर वाटून घेतली. हातोडाही सापडला. तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

पुढे १९९६ साली तेथे नवा कायदा झाला. 'ट्रेझर' या व्याख्येत बसणारी वस्तू मिळाली तर १४ दिवसांच्या आत कॉरोनरला कळवावे लागते. संरक्षित प्राचीन स्थळावर परवानगीशिवाय हे यंत्र चालवणे तर गुन्हाच आहे.

दोन स्तूप, दोन प्रकारचे हात

आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. आपल्या धम्माचा इतिहास ग्रंथांत जितका आहे, तितकाच तो मातीत आहे.

१७९४ साली सारनाथचा धर्मराजिक स्तूप जगतसिंग नावाच्या अधिकाऱ्याच्या माणसांनी विटांसाठी खणून काढला. आत दगडी पेटी आणि तिच्यात हिरव्या दगडाचा करंडक निघाला. त्यातील अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. त्या कोणाच्या होत्या, हे आता कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. ज्या ठिकाणी तथागतांनी पहिला उपदेश दिला, तेथला स्तूप विटांच्या भावाने गेला.

आता आपल्या महाराष्ट्रात या. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले. लोक त्या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या आणि मैत्रेयाच्या मिळून आठ मूर्ती, आत एकात एक करंडक, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे तुकडे मिळाले. यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणेही निघाले. प्रत्येक वस्तू कोठे होती, कशाच्या शेजारी होती, हे पंडितजींनी लिहून ठेवले. म्हणून ते एक नाणे काळाचा साक्षीदार ठरले. तेच नाणे कोणी हौशी माणसाने उकरून खिशात घातले असते, तर बाजारात चार पैसे आले असते आणि इतिहास मुका झाला असता.

म्हणून पुरातत्त्वज्ञाचे मुख्य हत्यार गवंड्याच्या थापीसारखे, तळहाताएवढ्या टोकदार पात्याचे असते. पाते आणि त्याचा गज एकसंध घडवलेले असतात. त्याने खोदत नाहीत, मातीचा पापुद्रा खरवडतात. मातीचा रंग बदलला की थांबतात, मोजतात, लिहितात. सोबत ब्रश, दोरी, मोजपट्टी आणि वही. वही हेही हत्यारच!

पाया खणताना काही लागले तर

इंग्लंडचा हा छंद येथे आणावा असे आम्ही मुळीच सुचवत नाही. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खोदण्यास केंद्राच्या १९५८ च्या कायद्याने बंदी आहे. गुप्तधनाच्या नादी लावणारे भोंदू यंत्र घेऊन आले तर त्यांना दारातूनच परत पाठवावे. लेण्यांच्या आवारात, ओसाड टेकाडावर रात्री कोणी उकरताना दिसले तर गप्प बसू नये.

परंतु विहीर, पाया, नाली खणताना आपल्याच भावाबहिणींच्या कुदळीला काही लागू शकते. अशा वेळी इतके करावे :

काम तेवढ्या जागी थांबवावे. वस्तू ओढून काढू नये.

नाणे, मूर्ती, ताम्रपट चिंच किंवा राख लावून घासू नये. त्याने अक्षरे पुसली जातात.

जागा, खोली, तारीख आणि शेजारी काय होते ते लिहून ठेवावे. जमल्यास फोटो घ्यावा.

तलाठी, तहसीलदार किंवा पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. त्याच कायद्याने शोधणाऱ्याचा हिस्साही मानला आहे. लपवले तर तो हिस्सा बुडतो आणि शिक्षा होते. मुकादम 'तुझे काय काम' म्हणून हाकलू लागला तर हे ध्यानात ठेवावे.

न दिलेले न घेण्याचे शील आपण रोज वंदनेत घेतो. विहारात कोणाची मौल्यवान वस्तू पडलेली दिसली तर ती ज्याची त्याला मिळावी म्हणून जपून ठेवण्याची मुभा विनयाने भिक्खूला दिली आहे. स्वतःसाठी उचलण्याची नाही. भूमीत सापडलेली धम्माची वस्तू तर साऱ्या समाजाची. आणि मज्झिम निकायाच्या वम्मिक सुत्तात वारूळ खोदण्याची जी उपमा आहे, तिच्यात हत्यार म्हणजे प्रज्ञा आणि खोदणे म्हणजे प्रयत्न, असा अर्थ भगवंतांनीच सांगितला आहे.

आपल्या हातांनी पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांसाठी माती खोदली. त्या मातीत आपलाच वारसा आहे हे बाबासाहेबांमुळे आपल्याला कळले. येत्या सुटीत मुलांना सोपारा, पवनी, कान्हेरी, जे जवळ असेल ते स्थळ दाखवा. तेथे खापराचा तुकडाही उचलू नका, पण वही सोबत न्या. काय पाहिले ते मुलांना त्यात लिहायला सांगा.