नागझिऱ्याभोवतीची निवडणूक आणि उसना आवाज

नागझिऱ्याचे जंगल ज्या भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात येते, तिथे 28 मे 2018 च्या पोटनिवडणुकीत मताची चिठ्ठी छापणारी व्हीव्हीपॅट यंत्रे भराभर बंद पडली. 49 केंद्रांवर 30 मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. यंत्रांत फेरफार झाल्याचा संशय लगेच घेतला गेला. निवडणूक आयोगाने दिलेले कारण मात्र वेगळे होते. छापलेली चिठ्ठी ओळखणाऱ्या कॉन्ट्रास्ट सेन्सरवर जादा उजेड पडला होता. काळ्या-पांढऱ्यातला फरक त्याला दिसेना आणि यंत्र थांबले. पुढे सेन्सरवर आच्छादन आले, दमट हवेत टिकणारा कागदही आला.

मतदान यंत्र इंटरनेटला जोडलेले नसते. बाहेरच्या संगणकाशी संबंध येतो तो व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हे भरताना. त्यामुळे ती भरणारी युनिट्स निकालानंतर 45 दिवस सीलबंद ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 रोजी दिला. ही दक्षता रास्तच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेला मात्र सील तोडावेच लागत नाही. तिचा मारा मतदाराच्या कानावर होतो. महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, 19 नोव्हेंबर 2024 रोजी, बिटकॉइन व्यवहाराच्या आरोपासह चार ध्वनिफिती भाजपने समाजमाध्यमांवर टाकल्या. त्यांत विरोधी पक्षांतील सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आवाज असल्याचा दावा होता. दोघांनीही तो फेटाळला. ‘बूम’ या तथ्यपडताळणी संस्थेने डीपफेक ओळखणारे साधन वापरले, तेव्हा चारपैकी तीन फिती कृत्रिम असण्याची दाट शक्यता दिसली. पटोले ज्या साकोलीतून उभे होते, त्याच तालुक्यात नागझिऱ्याचे पिटेझरी प्रवेशद्वार आहे. ते निवडून आले 208 मतांनी. त्या निकालावर फितींचा परिणाम झाला, असे म्हणता येत नाही. पण इतक्या थोड्या फरकाच्या लढतीत एका रात्रीची अफवाही जड जाऊ शकते.

आवाजाची नक्कल करणाऱ्या प्रणालीला काही सेकंदांचा नमुना पुरतो. त्यातून ती आवाजाची पट्टी आणि पोत उचलते. वाक्ये मात्र बहुधा बनावट करणाऱ्यानेच दिलेली असतात. इथल्या झाडीबोलीत वाढलेल्या कानाला परका शब्द किंवा चुकीचा हेल इथेच खटकू शकतो. ही स्थानिक जाण तपासयंत्रणेने गांभीर्याने वापरायला हवी. फीत जितकी छोटी आणि फॉरवर्ड होऊन जितकी दाबली गेलेली, तितके प्रयोगशाळेचे काम अवघड होते.

बनावट मजकूर लक्षात येताच तीन तासांत काढावा, असे आयोगाने 6 मे 2024 रोजी पक्षांना बजावले. ऑक्टोबर 2025 च्या सूचनेनुसार कृत्रिम ध्वनिफितीच्या पहिल्या 10 टक्के भागात तशी घोषणा हवी. हे नियम पक्षांच्या खात्यांपुरते चालतात. व्हॉट्सॲपच्या गावगटात पोहोचलेली निनावी फीत तिथून काढून घेण्याची सोय कोणत्याही पक्षाकडे नाही.