दम्मामच्या संघाचा अपराजित हंगाम

सौदी अरेबियाच्या फुटबॉल लीगमध्ये एकही सामना न हरता विजेतेपद मिळवण्याचा पहिला मान दम्मामच्या अल-इत्तिफाक क्लबचा आहे. 1982-83 च्या हंगामात हे घडले. संघाचे प्रशिक्षक होते खलील अल-झयानी. सौदी प्रशिक्षकाच्या हाताखाली एखाद्या क्लबने ही लीग जिंकण्याचीही ती पहिलीच वेळ.

ही लीग 1976-77 मध्ये सुरू झाली. पहिली सहाही विजेतेपदे रियाध आणि जेद्दा या दोनच शहरांत गेली होती: रियाधच्या अल-हिलाल आणि अल-नस्र यांना दोन-दोन, जेद्दाच्या अल-अहली आणि अल-इत्तिहाद यांना एक-एक. पैसा, राजघराण्याचा वरदहस्त आणि नावाजलेले परदेशी प्रशिक्षक हे सगळे याच दोन शहरांत एकवटलेले. ब्राझीलचा विश्वविजेता खेळाडू दिदी अल-अहलीला शिकवत होता. दिदीचाच एकेकाळचा संघसहकारी मारिओ झागालो आधी अल-हिलालकडे होता आणि पुढे सौदी राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. मोठे यश हवे तर प्रशिक्षक बाहेरूनच आणायचा, असा तो काळ होता.

दम्माम आखाताच्या किनाऱ्यावर आहे. 1938 मध्ये ज्या विहिरीने सौदी तेलाचे युग सुरू केले, ती शेजारच्या धाहरानची. दम्माम, खोबर, जुबैल ही नावे आखातात नोकरीला गेलेल्या अनेक मराठी घरांत परिचयाची आहेत. अल-इत्तिफाक हा 1940 च्या दशकात स्थानिक संघ एकत्र येऊन उभा राहिलेला इथला क्लब. लीगमध्ये प्रत्येक संघाशी एकदा घरी आणि एकदा त्याच्या गावी खेळायचे असते. दम्मामहून रियाध सुमारे चारशे किलोमीटर. जेद्दा मात्र तांबड्या समुद्राकाठी, म्हणजे सगळा देश ओलांडून पलीकडे. घरच्या मैदानावर न हरणे अनेक संघांना जमते. इतक्या लांब जाऊन, परक्या प्रेक्षकांसमोर, हंगामभर पराभव टाळायचा तर बरोबरी हातची जाऊ न देणारा बचाव आणि शेवटच्या मिनिटापर्यंत टिकणारा दम लागतो.

अल-झयानी स्वतः याच क्लबचे जुने खेळाडू. निवृत्तीनंतर त्यांनी तिथेच शिकवायला घेतले आणि पुढेही वेळोवेळी ते या संघाकडे परतत राहिले. आपल्याच गावची, आपलीच भाषा बोलणारी मुले त्यांच्या हाताखाली होती. या जवळिकीचा वाटा यशात मोठा असणार, असे मानायला जागा आहे. मधल्या फळीतला सालेह खलिफा हा त्या पिढीचा ठळक खेळाडू. तो राष्ट्रीय संघातही खेळला. 1983 मध्येच क्लबने आखाती क्लबांची स्पर्धा जिंकली आणि 1984 मध्ये अरब क्लबांची.

या हंगामाचे खरे मोल पुढच्या वर्षी दिसले. मार्च 1984 मध्ये मस्कतला आखाती चषक चालू असताना झागालो यांना जावे लागले आणि राष्ट्रीय संघ अल-झयानींच्या हाती आला. काही आठवड्यांतच सौदी अरेबिया प्रथमच ऑलिंपिक फुटबॉलसाठी पात्र ठरला. लॉस एंजेलिसला तिन्ही सामने हरले, पश्चिम जर्मनीने तर सहा गोल चढवले. तरी प्रशिक्षक बदलला नाही. हा संयम फळाला आला. डिसेंबरमध्ये सिंगापूरच्या आशियाई चषकात भारतही खेळत होता. भारताने ज्या इराणला गोलशून्य बरोबरीत रोखले, त्याच इराणशी उपांत्य फेरीत सौदी संघाची गाठ पडली. इराण आघाडीवर होता. सामना संपता संपता बरोबरी झाली आणि पेनल्टींवर सौदी संघ 5-4 असा निभावला. अंतिम सामन्यात चीनविरुद्ध दहाव्या मिनिटाला शाये अल-नफिसाने गोल केला. उत्तरार्ध सुरू होताच माजिद अब्दुल्लाने दुसरा केला आणि सौदी अरेबियाने पहिला आशियाई चषक घेतला.

अल-इत्तिफाकने 1986-87 मध्ये आणखी एकदा लीग जिंकली, पण त्यानंतर आजवर नाही. 2014 मध्ये तर क्लब खालच्या श्रेणीत घसरला आणि दोन वर्षांनी परतला. अपराजित विजेतेपदाची बरोबरी पुढे अल-हिलालने केली, 2010-11 मध्ये आणि पुन्हा 2023-24 मध्ये. दोन्ही वेळा प्रशिक्षक परदेशी होते.