जागा तिसरी : उंची नंतर आली

2012च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये दक्षिण कोरियाचा महिला व्हॉलीबॉल संघ चौथा आला. ब्राँझपदकाच्या लढतीत जपानने त्यांना सरळ तीन सेटमध्ये हरवलं आणि मुली रिकाम्या हातांनी घरी परतल्या. सुवर्ण ब्राझीलने नेलं, रौप्य अमेरिकेने. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून मात्र नाव पुकारलं गेलं ते चौथ्या आलेल्या संघातल्या चोवीस वर्षांच्या किम यॉन-क्यॉन्गचं. आठ सामन्यांत तिने एकटीने 207 गुण मिळवले होते. पदकाविना परतणाऱ्या मुलीला हा मान द्यायला निवडणाऱ्यांनी मुळीच हात आखडता घेतला नाही, आणि ते योग्यच झालं.

गेल्या आठवड्यात आपण सेटरची जागा पाहिली. आज पाळी आहे आउटसाइड हिटरची. आपल्याकडच्या मैदानांवर तिला सरसकट ‘शूटर’ म्हणतात आणि बॉल मारणं एवढंच तिचं काम समजतात. खरं तर मारणं हा या जागेचा उत्तरार्ध झाला. पूर्वार्ध आहे समोरची सर्व्हिस उचलण्याचा, आणि किमचं मोठेपण नीट कळायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

समोरचा संघ सर्व्हिस करताना बहुतेक वेळा सर्वांत धोकादायक हिटरलाच गाठतो. त्यामागे साधा हिशेब असतो. बॉल तिच्या हातांवरून भलतीकडे गेला तर सेटरला त्याच्यामागे पळावं लागतं आणि सगळा हल्ला विस्कटतो. तिने बॉल बरोबर उचलला तरी त्या क्षणी ती गुडघ्यांत वाकलेली, दोन्ही हात जोडून पुढे धरलेली असते. त्याच अवस्थेतून उठायचं, डावीकडे बाहेर पडायचं, तीन-चार पावलांची धाव घ्यायची आणि 2.24 मीटर उंचीच्या नेटवर, समोर दोन-तीन जणींचा ब्लॉक असताना, उडी मारून बॉल मारायचा. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. सेट अटीतटीचा असेल तर दर सर्व्हिसला हीच कसरत. म्हणून उंच आणि जोरदार मारणाऱ्या पुष्कळ खेळाडूंना प्रशिक्षक सर्व्हिस उचलण्यातून शक्य तितकं बाजूलाच ठेवतात. किमच्या बाबतीत अशी सोय कधी करावीच लागली नाही. ती 192 सेंटिमीटर उंच होती आणि सर्व्हिस उचलायची ती लिबेरोसारखी, म्हणजे मागे राहून फक्त बॉल उचलणाऱ्या खेळाडूसारखी.

याचं कारण तिच्या शाळेच्या दिवसांत सापडतं. 1988 साली जन्मलेली किम सोलजवळच्या आन्सान शहरातली. थोरली बहीण व्हॉलीबॉल खेळायची, तिच्या मागोमाग प्राथमिक शाळेत असतानाच हीही मैदानावर आली. पण ती बुटकी होती. संघातल्या मुली झपाट्याने उंच होत होत्या आणि ही बाकावर बसून राहायची. नेटवर हात पोचत नाही म्हटल्यावर तिच्या वाट्याला आली ती मागची कामं: सर्व्हिस उचलणं, डिग काढणं म्हणजे समोरचा फटका उचलणं, कधी सेटर म्हणून बॉल देणं, कधी लिबेरो. पुढे हायस्कूलच्या वर्षांत तिची उंची वीस सेंटिमीटरहून अधिक वाढली. उंच मुली सहसा जे शिकायचं टाळतात, ते सगळं शिकून झाल्यावर तिला उंची मिळाली. असा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. पण योग म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. बाकावर बसूनही तिने मागचं काम कमी प्रतीचं मानलं नाही, हे तिचं स्वतःचं कर्तृत्व आहे.

2005 साली हंगकुक लाइफ या व्यावसायिक संघाने तिला पहिल्या पसंतीने घेतलं. आदल्या मोसमात तळाला राहिलेला हा संघ तिच्या पहिल्याच मोसमात विजेता ठरला. सर्वोत्तम नवोदित, साखळीतली सर्वोत्तम आणि अंतिम फेरीतली सर्वोत्तम हे तिन्ही पुरस्कार तिलाच मिळाले. 2009 मध्ये ती जपानला गेली आणि 2011 मध्ये इस्तंबूलच्या फेनरबाचेकडे. तिथे प्रशिक्षक होते ब्राझीलचे जुझे रॉबेर्तो गिमाराइस. मार्च 2012 मध्ये या संघाने युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली आणि तिथेही सर्वोत्तम खेळाडू किमच ठरली. त्यानंतर काही महिन्यांतच लंडनच्या गटसामन्यात तिच्या कोरियाने याच गिमाराइस यांच्या ब्राझीलला 3-0 असं गारद केलं.

लंडनहून परतल्यावर तिला वेगळाच सामना खेळावा लागला. कोरियन लीगमध्ये क्लबच्या बंधनातून मोकळं होण्यासाठी सहा मोसम खेळण्याची अट होती. मायदेशात तिचे चारच झाले होते. परदेशातली वर्षं मोजायची की नाही यावरून मूळ क्लबशी, म्हणजे हंगकुक लाइफशी, तिचा वाद पेटला. तो देशाच्या संसदेपर्यंत आणि आंतरराष्ट्रीय महासंघापर्यंत गेला. ती मागे हटली नाही आणि 2017 पर्यंत फेनरबाचेकडेच राहिली. पुढे 2020 मध्ये, टोकियो ऑलिम्पिकच्या तयारीसाठी मायदेशी खेळायचं ठरवल्यावर, ती त्याच हंगकुक लाइफकडे आली. संघातल्या बाकीच्यांच्या मानधनाला कात्री लागू नये म्हणून तिने स्वतः 35 कोटी वॉन एवढ्या कमी रकमेवर सही केली.

टोकियोत, 2021 साली, कोरियाकडून कुणाला फारशी आशा नव्हती. दोन प्रमुख खेळाडू काही महिन्यांपूर्वीच संघाबाहेर झाल्या होत्या. डॉमिनिकन रिपब्लिकविरुद्धचा सामना हातातून निसटू लागला तेव्हा किमने टाइमआउटमध्ये सगळ्यांना गोळा करून, आता जीव तोडून खेळू या, मागाहून हळहळायला नको, असं पुन्हा पुन्हा बजावलं. तो सामना कोरियाने पाच सेटमध्ये काढला. मग 31 जुलैला गाठ पडली यजमान जपानशी. पाचव्या सेटमध्ये जपान 14-12 असं पुढे होतं, म्हणजे सामना जिंकायला एकच गुण हवा होता. कोरियाने सलग चार गुण घेतले आणि सेट 16-14 असा जिंकला. किमचे त्या दिवशीचे गुण होते 30. तिच्या उजव्या मांडीवर फुटलेल्या रक्तवाहिन्यांचे लाल डाग दिसत होते. ती छायाचित्रं कोरियात घरोघरी पोचली. उपांत्यपूर्व फेरीत तुर्कस्तानलाही कोरियाने पाच सेटमध्ये नमवलं. त्यानंतर मात्र ब्राझील आणि सर्बिया दोघांनीही 3-0 ने हरवलं आणि पुन्हा चौथा नंबर. त्याच ऑगस्टमध्ये तिने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. ऑलिम्पिक पदक तिच्याकडे नाही.

क्लब पातळीवर ती आणखी चार वर्षं खेळली. त्यातही चटका होताच. 2023च्या अंतिम मालिकेत हंगकुक लाइफ दोन सामने जिंकून पुढचे तीन हरलं, 2024 मध्ये पुन्हा अंतिम फेरीतच हार झाली. 2025 चा मोसम शेवटचा असं तिने आधीच जाहीर केलं होतं. त्याही वेळी 2-0 अशी आघाडी 2-2 वर आली. 8 एप्रिलला इंचॉनमध्ये निर्णायक सामना पाच सेटपर्यंत गेला आणि शेवटचा सेट 15-13 असा हंगकुक लाइफने जिंकला. सदतिसाव्या वर्षी किमने त्या सामन्यात 34 गुण मिळवले. अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू ठरवताना एकही मत दुसरीकडे गेलं नाही. तिचा 10 क्रमांकाचा शर्ट क्लबने कायमचा राखून ठेवला.

तिच्यामागे राष्ट्रीय संघाचं काय झालं, ते वाचताना वाईट वाटतं. नेशन्स लीगमध्ये 2022 साली कोरियाने बाराच्या बारा सामने गमावले, 2023 मध्येही बाराच्या बारा. 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकला संघ पात्र ठरला नाही आणि 2025 मध्ये नेशन्स लीगमधूनही त्याची गच्छंती झाली. गुण करणारी एक खेळाडू गेली म्हणून एवढी पडझड होत नाही. इथे हल्ला आणि सर्व्हिस उचलणं हे दोन्ही खांब एकाच वेळी गेले. दोन्ही कामं तोलाने करणारी दुसरी खेळाडू घडवायची तर ती शाळेतल्या वयातच घडवावी लागते, आणि किमच्या झळाळीत ते काम वर्षानुवर्षं मागे पडलं.

पुढच्या आठवड्यात : वेगळ्या रंगाचा शर्ट घालणारी, नेटवर हल्ला न करता सामना फिरवणारी लिबेरो.