अर्धीच खरवडा

कबूल केल्याप्रमाणे या आठवड्यात छताच्या पंख्याची मोटर उघडायची होती. पंखा एक आठवडा थांबेल. गेल्या अंकातल्या सेफ्टी पिनांच्या मोटरबद्दल (सेलला जोडलेल्या दोन पिनांवर टेकलेलं इनॅमलच्या तारेचं वेटोळं आणि खाली चुंबक) एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न आधी सोडवायला हवा. ‘मुलांनी तारेची दोन्ही टोकं लख्ख खरवडली. सेल नवा, चुंबक जोरदार. तरी वेटोळं झटका देतं, थोडं डुलतं आणि आडवं होऊन थांबतं. काय चुकलं?’

लख्ख खरवडली, हेच चुकलं.

वेटोळं उभं असताना खालच्या चुंबकाचा त्याला वळवण्याचा जोर सर्वांत जास्त असतो. ते आडवं झालं की जोर शून्यावर येतो. वेगाच्या भरात वेटोळं थोडं पुढं जातं, पण प्रवाह चालूच असल्यानं आता तोच जोर त्याला मागं ओढतो. पुढं, मागं, पुढं, मागं आणि ठप्प. आडवं होण्याच्या क्षणी प्रवाह तुटला, तर मागं ओढणारं कोणी उरत नाही. अर्धा फेरा वेटोळं स्वतःच्या भरात काढतं आणि तारेची उघडी बाजू पुन्हा पिनेला टेकते.

म्हणून वेटोळं टेबलाच्या कडेशी उभं धरायचं आणि दोन्ही टोकांवरचं इनॅमल फक्त वरच्या बाजूनं ब्लेडनं काढायचं. ‘उभं’ हा शब्द इथं फार मोलाचा. वेटोळं आडवं ठेवून वरची बाजू खरवडली, तर प्रवाह नेमका भलत्या अर्ध्या फेऱ्यात वाहतो: निम्मा वेळ पुढं ढकलतो, निम्मा वेळ मागं. एक टोक पूर्ण आणि दुसरं अर्धं खरवडलं तरी चालतं. दोन टोकं विरुद्ध बाजूंनी खरवडली, तर मात्र प्रवाहाला वाटच मिळत नाही. टॉर्चचा सेल, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि दोन सेफ्टी पिना एवढ्यात ही मोटर बसवून शाळाशाळांत पोचवणारे अरविंद गुप्ता तारेच्या तीन बाजू खरवडून एक तशीच ठेवायला सांगतात. तेवढंही पुरतं.

फॅरेडेनं 1821 मध्ये पाऱ्यात टोक बुडवलेली तार चुंबकाभोवती फिरवली, तिथं प्रवाह तोडावा लागत नव्हता. पण त्या तारेकडून कामही करून घेता येत नव्हतं. 1832 मध्ये विल्यम स्टर्जननं कम्युटेटर लावला आणि मोटर कामाची झाली. तुकड्यातुकड्यांचं हे कडं दर अर्ध्या फेऱ्याला वेटोळ्यातल्या प्रवाहाची दिशा उलटवतं. ब्लेडनं खरवडलेली तार प्रवाह उलटवत नाही, नुसता तोडते. पण अडचण तीच आणि ती सोडवायची जागाही तीच.

त्यामुळं त्या शिक्षिकांनी वर्गातली ती डुलणारी वेटोळी टाकून देऊ नयेत. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम मुलं पाठ करतात, कड्याची आकृतीही काढतात. ते कडं तिथं का, हे मात्र अडलेलं वेटोळं पाहूनच त्यांना विचारावंसं वाटतं. आधी पूर्ण खरवडू द्यावं, अडू द्यावं आणि मग विचारावं: प्रवाह कधी बंद व्हायला हवा?

पुढचा प्रश्न मुलं आपणहून काढतील: या मोटरला सुरुवातीला बोटानं टिचकी का लागते? वेटोळं आडवं थांबलेलं असेल तर जोर शून्य असतो, म्हणून. त्यावरचा उपाय खेळण्यातल्या मोटारगाडीत सापडतो. तिची मोटर उघडली की आत तीन वेटोळी आणि कम्युटेटरचे तीन तुकडे दिसतात. एक वेटोळं अडलं, तरी उरलेल्या दोघांवर जोर असतोच.